रिझर्व्हच्या कॉकपासून हवेतल्या अपडेटपर्यंत : अंतराच्या धास्तीचा इतिहास

१/ २६ फेब्रुवारी २०२४. अंतरवाली सराटीतील मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवण्यात आले. या घटनेची राजकीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. वाहनांच्या इतिहासाशी मात्र तिचा एक वेगळाच धागा जुळतो.

२/ विद्युत मोटारीची पल्ला वाढवणारी सुधारणा आता मोबाइल नेटवर्कवरून, म्हणजे हवेतून, गाडीत उतरते. मग जिथे हवाच बंद होऊ शकते, तिथे अशा गाडीच्या मालकाने कशाच्या भरवशावर निघावे? या प्रश्नाची मुळे शोधण्यासाठी आकुर्डीच्या स्कूटरपर्यंत मागे जावे लागते.

३/ बजाज ऑटोने १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आणली. त्या काळच्या बहुतेक स्कूटरना पेट्रोल दाखवणारा काटा नसे. त्याऐवजी एक कॉक असे आणि त्याच्या तीन जागा असत : बंद, चालू आणि रिझर्व्ह. चालता चालता इंजिन आचके देऊ लागले की स्वार खाली हात घालून कॉक फिरवी आणि गाडी पुन्हा पळू लागे.

४/ यामागची रचना अगदी साधी होती. टाकीत एक नळी थोडी उंच उभी असे. पेट्रोल तिच्या तोंडाखाली गेले की पुरवठा थांबे. कॉक रिझर्व्हला लावला की तळाजवळचे दुसरे छिद्र उघडे. टाकीत एक थेंबही वाढत नसे, पण ‘अजून थोडे आहे’ हा भरवसा मिळे. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य मराठी घरांत महिनाअखेरीच्या खिशालाही लागू झाले, ते उगाच नव्हे.

५/ विद्युत मोटारीत असा कॉक नव्हता. अमेरिकेत जनरल मोटर्सची ‘ईव्ही १’ ही मोटार १९९६ मध्ये आली आणि १९९७ मध्ये सॅन दिएगोतील एका व्यापारविषयक साप्ताहिकात ‘रेंज अँग्झायटी’ हा शब्दप्रयोग छापला गेला. मराठीत त्याला अंतराची धास्ती म्हणता येईल. वाटेत बॅटरी संपली तर, ही ती भीती. पेट्रोल बाटलीतून आणता येते. वीज बाटलीत भरता येत नाही.

६/ या धास्तीवरचा एक आरंभीचा उपाय भारतात घडला. चेतन मैनी यांची ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार २००१ मध्ये बेंगळुरूत आली. सप्टेंबर २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात रेवा कंपनीने ‘रिव्हाइव्ह’ नावाची सोय जाहीर केली. बॅटरी संपत आली की चालकाने कंपनीला फोन किंवा संदेश करायचा. कंपनी दुरूनच बॅटरीची स्थिती तपासून राखून ठेवलेली वीज मोकळी करणार.

७/ म्हणजे जुना रिझर्व्हच पुन्हा अवतरला होता. कंपनीनेही त्याचे वर्णन ‘अदृश्य राखीव टाकी’ अशाच अर्थाने केले. फरक एकच, पण मोठा होता : कॉक आता स्वाराच्या पायापाशी राहिला नव्हता. तो कंपनीच्या कार्यालयात गेला होता. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने रेवाचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये आलेल्या ‘ई२ओ’ मोटारीत हीच कल्पना पुढे नेली.

८/ मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतील टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी हवेतून येणाऱ्या एका अपडेटने अंतराची धास्ती संपेल, असे जाहीर केले. प्रत्यक्ष अपडेट आले तेव्हा बॅटरीचा पल्ला वाढला नव्हता. गाडी आता चार्जिंग केंद्रांची ठिकाणे लक्षात ठेवत होती आणि चालक त्यांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला की त्याला सावध करत होती. धास्तीचे मूळ अंतराइतकेच अज्ञानात असते, हे त्यातून मान्य झाले.

९/ सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडावर ‘इर्मा’ चक्रीवादळ चालून आले. टेस्लाच्या काही मोटारींत ७५ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी होती, पण ग्राहकाने कमी किमतीचा प्रकार घेतल्यामुळे सॉफ्टवेअरने तिचा काही भाग कुलूपबंद ठेवला होता. लोकांना सुरक्षित ठिकाणी जाता यावे म्हणून कंपनीने ते कुलूप दुरूनच, तात्पुरते उघडले. अनेकांना हायसे वाटले. गाडीत असलेली वीजही आपल्या हाती नव्हती, हेही त्याच दिवशी उघड झाले.

१०/ कॉक उलटाही फिरू शकतो. २०१९ मध्ये टेस्लाच्या एका अपडेटनंतर काही जुन्या ‘मॉडेल एस’ मोटारींच्या बॅटरीची चार्ज होण्याची कमाल मर्यादा खाली आली. मालक न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरची तडजोड केली. रात्री अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा पल्ला सकाळी कमी झालेला असू शकतो, हा अनुभव स्कूटरच्या जमान्याला ठाऊक नव्हता.

११/ महाराष्ट्रातील उदाहरण टाटा मोटर्सचे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ‘नेक्सॉन ईव्ही’चा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. २०२२ च्या ‘नेक्सॉन ईव्ही मॅक्स’चा ४३७. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मॅक्सचा पल्ला ४५३ किलोमीटर झाल्याचे जाहीर केले. जुन्या ग्राहकांनाही फेब्रुवारीपासून सॉफ्टवेअर बदलून तो मिळणार होता. मात्र त्यासाठी गाडी विक्रेत्याच्या कार्यशाळेत न्यावी लागत होती.

१२/ नवी बॅटरी न बसवता १६ किलोमीटर येतात कुठून? बॅटरीचा काही भाग तिच्या सुरक्षिततेसाठी नेहमी राखलेला असतो. पडद्यावरचे शून्य हे खरे शून्य नसते. ब्रेक दाबताना परत मिळणारी वीज, मोटरची ताकद, बॅटरीचे तापमान या सर्वांचा हिशेब सॉफ्टवेअर करते. तो हिशेब सुधारला की तीच वीज थोडी अधिक पुरते. काटकसर वाढते, कमाई तेवढीच राहते.

१३/ ही काटकसर अंतरवाली सराटीच्या मापाने मोजून पाहावी. २० जानेवारी २०२४ रोजी या गावातून निघालेला मोर्चा अहिल्यानगर, पुणे, लोणावळा अशा मार्गाने २६ तारखेला नवी मुंबईतील वाशीत पोहोचला. हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. कागदावर ४५३ किलोमीटरची गाडी ते एका दमात कापते.

१४/ रस्त्यावर तसे घडणे कठीण. प्रमाणित पल्ला ज्या भारतीय चाचणीतून ठरतो, तिच्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून महामार्गावर घाई केली की आकडा झरझर उतरतो. त्यात मराठवाड्याच्या उन्हाळ्यातील वातानुकूलन आले. अपडेटने मिळालेले १६ किलोमीटर एवढ्यातच खर्ची पडू शकतात.

१५/ म्हणून धास्तीचा खरा उतारा शेवटी रस्त्याच्या कडेलाच आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंगच्या सोयीचे उद्दिष्ट आहे. अंतरवाली सराटीजवळून धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. त्या रस्त्यावर सुरू स्थितीतले एक केंद्र दहा अपडेटपेक्षा अधिक धीर देईल.

१६/ आता पुन्हा २६ फेब्रुवारी २०२४. इंटरनेट बंद झाले म्हणून विद्युत मोटार थांबत नाही. बॅटरीतली वीज तशीच राहते. पण पुढचे केंद्र चालू आहे का हे कळत नाही, चार्जिंगचे अ‍ॅप उघडत नाही, मोबाइलवरून पैसे जात नाहीत. धास्ती कमी करणारी प्रत्येक गोष्ट हवेवर सोपवली की हवा बंद होताच ती दुपटीने परतते.

१७/ चेतकच्या स्वाराला टाकीत किती आहे हे नेमके कधीच ठाऊक नसे. तरीही तो निर्धास्त असे, कारण शेवटचा कॉक त्याच्या हाताशी होता. आजच्या चालकाला टक्क्यापर्यंत सर्व दिसते, पण तो कॉक दुसऱ्याच्या हाती आहे. राखीव किती आहे आणि ते कोण, केव्हा उघडणार, हे गाडी विकतानाच लेखी सांगितले गेले तर या तंत्रज्ञानाला जुन्या रिझर्व्हची प्रतिष्ठा लाभेल. (समाप्त)