बिनतारी जाळ्यातील ओळख

अहमदाबादमध्ये २६ जुलै २००८ रोजी बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. तेथील ‘वाय-फाय’ला पासवर्डच नव्हता, ई-मेल पाठविणारे भलतेच होते. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचे जाळे असेच वापरले गेले. त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटविण्याबाबत सूचना काढल्या. छत्रपती संभाजीनगर असो वा मुंबई, सार्वजनिक वाय-फाय जोडताना मोबाइलवर ‘ओटीपी’ येतो, त्याचे मूळ येथे आहे.

मात्र ही पडताळणी एकतर्फी आहे. ओटीपीमुळे वापरणारा ओळखला जातो, जाळे नव्हे; त्याच नावाचे बनावट जाळे कोणीही उभारू शकतो. शिवाय ओटीपीमुळे हवेतून जाणारा मजकूर सांकेतिक होत नाही, ही बाब सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या पिढीच्या मोबाइल सेवेत (जीएसएम) दोष असाच होता. सिमकार्डातील गुप्त किल्लीच्या आधारे फोन आपली ओळख पटवी, मनोरा मात्र पटवीत नसे. तिसऱ्या पिढीपासून पडताळणी दुतर्फा झाली.

घरच्या राउटरवर ‘डब्ल्यूपीए-३’, निदान ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावे. जुन्या ‘डब्ल्यूईपी’तील त्रुटी २००१ मध्येच उघड झाल्या आहेत.