ताजेपणाचा आकडा

परवा रविवारी पापलेट आणायला गेलो. आईने शिकवल्याप्रमाणे कल्ले उघडून लाल आहेत का ते पाहिलं, बोटाने दाबूनही पाहिलं. मावशी म्हणाली, "दादा, सकालचाच हाय." घरी येऊन कापलं तर वास! असो. पण ताजेपणा आकड्यात मोजता येतो का, हा किडा डोक्यात शिरला आणि शोधता शोधता जपानात पोचलो. कच्चा मासा खाणाऱ्यांना हा प्रश्न जास्तच जवळचा, नाही का?

मासा मेला तरी त्याच्या स्नायूंतलं काम थांबत नाही. एटीपी हे पेशींचं इंधन पायरीपायरीने मोडत जातं: एडीपी, एएमपी, आयएमपी, मग आयनोसिन आणि हायपोझँथिन. आपल्या भाषेत लॉग फाइलच म्हणा ना! यातलं आयएमपी चव देतं (१९१३ साली शिंतारो कोदामांनी ते सुकवलेल्या बोनिटो माशात ओळखलं), तर हायपोझँथिन कडवट. १९५९ साली सायतो, आराई आणि मात्सुयोशी यांनी सुचवलं की या सगळ्यांत शेवटच्या दोघांचा वाटा किती टक्के ते काढा. हीच 'के व्हॅल्यू'. साशिमीसाठी ती साधारण २० च्या आत हवी.

पण हे मोजायला प्रयोगशाळा लागायची, आणि मासळीचा लिलाव काही थांबत नाही. तोडगा निघाला तो रक्त तपासणाऱ्यांकडून. लेलंड क्लार्क यांनी १९५६ साली ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड मांडला, आणि १९६२ साली लायन्ससोबत ग्लुकोज मोजायला त्याला एन्झाइमची जोड सुचवली. १९८४ साली इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती माशावर वापरली. दोन एन्झाइम्स आयएमपी आणि आयनोसिनला हायपोझँथिनपर्यंत आणतात. तिसरं, झँथिन ऑक्सिडेज, त्याचं युरिक आम्ल करताना ऑक्सिजन खातं. ऑक्सिजन जितका घटला, तितकं हायपोझँथिन. सोप्पं!

तरी सगळ्या माशांना एकच मोजपट्टी चालत नाही. कॉडमध्ये हा आकडा भराभर चढतो, म्हणजे प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी. शिवाय २०१८ मध्ये गोव्यात गाजलेलं फॉर्मेलिन यात दिसत नाही, त्याची चाचणी निराळी.

थोडक्यात काय, नाकाला कळतं ते मुख्यतः जिवाणूंचं काम, आणि ते उशिरा सुरू होतं. के व्हॅल्यू त्याआधीची गोष्ट सांगते. माझं नाक खोटं बोललं नव्हतं, फक्त उशिरा बोललं. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा कल्लेच बघणार, दुसरं आहे काय हातात?