जेझुइटांची शाळा आणि ऊसतोडीची टोळी

जेझुइट शाळा म्हटले की शिस्त, इंग्रजी आणि मोठी फी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आम्ही अशा शाळेची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या बैठकींत. म्हणूनच त्या शाळांचा इतिहास आम्ही कुतूहलाने वाचला.

इग्नेशियस लोयोला यांच्या संघाने 1548 साली सिसिलीतील मेसिना येथे शाळा काढली. हेतू धर्माचा होता, हे उघड आहे. पण विद्यार्थ्याकडून फी घ्यायची नाही, हाही नियम होता. फी घेण्याची मुभा एकोणिसाव्या शतकात मिळाली. 1599 च्या त्यांच्या शिक्षणपद्धतीत आणखी एक गोष्ट आढळते. वर्गातील दहा-दहा मुलांवर एक विद्यार्थी नेमीत. तो त्यांचे पाठांतर ऐकून घेई. आमच्या भाषेत तो टोळीचा मुकादमच. फक्त उचल देऊन बांधून घेणारा नव्हे!

त्याच संघाचे फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले. ते आधी इथली भाषा शिकले आणि 1616 साली त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. शिकविणाऱ्याने आधी शिकावे लागते, ते असे.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. हंगामी वसतिगृहात मूल राहिले, तरी त्याचा पाठ ऐकणारे कोणी हवे. मोठी इमारत आपल्याला परवडणार नाही. दहा मुलांमागे एक थोरला विद्यार्थी कोणत्याही गावाला परवडेल. तो कोण, हे टोळी निघण्यापूर्वी ठरवू या.