बाळंतपणाचा खर्च कोणी सोसावा?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सुइणीची ओटी, बारसे, बाळंतविडा हा सारा खर्च मुलीचा बाप करी. पण जिचे माहेरच रोजंदारीवर जगत असे, तिने काय करावे?

1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचा भोंगा गावाच्या अंगवळणी पडला. शेतातली बाई बाळाची झोळी बांधावरच्या झाडाला बांधू शके. गिरणीतल्या बाईला ती सोय नव्हती. काम बंद की मजुरी बंद. म्हणजे खाण्याची सर्वांत अधिक गरज तेव्हाच हातात पैसा नाही. मुंबईच्या गिरणीवस्तीत तर अफूची गोळी देऊन तान्ही मुले निजवीत आणि आया कामावर जात. बाळंतपणाचा खरा खर्च असा आईच्या आणि मुलाच्या देहातून वसूल होई.

जुलै 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मूळ मुद्द्यावरच बोट ठेवले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे; तेव्हा हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्यात वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 मध्ये मुंबईत कायदा झाला आणि 1930 मध्ये आपल्या मध्यप्रांतातही.

परंतु कायद्याने मजुरी मिळाली तरी बाळंतपण निभावायला जाणते हात हवेत. तो विचार नागपुरात आधीच झाला होता. डफरीन इस्पितळात, म्हणजे आजच्या डागा स्मृती रुग्णालयात, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या बालविधवा कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने 1921 मध्ये मातृसेवा संघ स्थापिला. ज्या समाजाने त्यांना शुभकार्यात मागे उभे केले असते, त्याच समाजाची बाळे त्यांनी हाती घेतली. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

20 जुलै 1942 रोजी नागपुरातच दलित महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बाबासाहेबांनी तेथे भगिनींना सांगितले. गिरण्यांत व विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा मिळावी, अशीही मागणी परिषदेने केली.

पुढे 1961 च्या केंद्रीय कायद्याने 12 आठवड्यांची पगारी रजा आणि मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सवड दिली. 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा 26 आठवड्यांची झाली.

भगिनींनो, ही रजा नोकरीतल्या लेकीसुनांना मिळते, याचा आनंदच आहे. पण आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई दिवस राहिल्यावर काम सोडते, तेव्हा तिला 26 आठवडे कोण पोसते? तिची मालकीण म्हणजे आपणच. बाळंतविडा देऊन आपण मोकळ्या होतो. त्याऐवजी तिचे काम राखून ठेवले आणि दोन-तीन महिन्यांचा पगार चालू ठेवला, तर 1928 सालच्या त्या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर दिल्यासारखे होईल.