पाच किलोचं डंबेल, चाळीस किलोचा जोर

आजची गोष्ट एका गणितज्ञाची. जिमशी त्याचा काय संबंध? ऐका तर.

जोव्हान्नी अल्फोन्सो बोरेल्ली. जन्म १६०८, नेपल्स. गॅलिलिओच्या विचारांवर वाढलेला, पिसा विद्यापीठात गणित शिकवणारा माणूस. त्याचा प्रश्न साधा होता: दगड, दोलक गणितात बसतात, मग माणसाचं चालणं-उचलणं का नाही?

तोवर समज असा की स्नायू थोड्या जोरात मोठं वजन उचलतात. बोरेल्लीनं दाखवलं, नेमकं उलटं आहे. शाळेतला चिमटा आठवतोय? तरफेचा तिसरा प्रकार. आपला हात तसाच. कोपर म्हणजे टेकू, तळहातावर भार, आणि दंडाचा स्नायू जोडलेला कोपरापासून जेमतेम ४ सेंटीमीटरवर. तळहात ३२ सेंटीमीटर लांब धरला, तर ढोबळ हिशेबानं जोर लागतो आठपट. म्हणजे ५ किलोच्या डंबेलसाठी ४० किलोइतका! बदल्यात मिळतो वेग: स्नायू १ सेंटीमीटर आखडला की हात ८ सेंटीमीटर हलतो.

बोरेल्ली एवढ्यावर थांबला नाही. फळीवर माणूस आडवा झोपवून, फळी धारेवर तोलून त्यानं शरीराचा गुरुत्वमध्य शोधला. ओझं वाहणाऱ्या हमालाच्या कण्यावर किती भार येतो, तेही मांडलं. स्नायू आखडतो कसा, हे मात्र त्याला चुकलं. त्याला वाटलं, आत रसायनं उसळून स्नायू फुगतो.

शेवटची वर्षं रोममध्ये, हलाखीत गेली. पुस्तकाचा खर्च स्वीडनची माजी राणी क्रिस्तिना हिनं उचलला. पण ३१ डिसेंबर १६७९ला बोरेल्ली गेला. 'दे मोतू अ‍ॅनिमालियम' छापून आलं १६८०-८१मध्ये. त्यानं ते पाहिलंच नाही.

आज फिजिओथेरपिस्ट व्यायाम ठरवून देतात, त्यात हाच हिशेब असतो. खांदा दुखतोय? आधी कोपर वाकवून हात बाजूला उचला, मग हळूहळू सरळ करून. वजन तेच, पण अंतर वाढलं की खांद्यावरचा भार वाढतो. पाठीचंही तसंच. गॅस सिलिंडर अंगापासून लांब धरून उचललात, तर कमरेच्या स्नायूंना कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. म्हणून आधी जवळ घ्या, मग उचला.

तेव्हा डंबेलवरचा आकडा वाचताना त्याचं सांध्यापासूनचं अंतरही बघा. भेटूया पुढच्या भागात!