जुन्नरची लूट व महाराजांची पागा

मंचर सोडून नारायणगांवाकडे जातांना घोड नदीच्या आसपास कळंब गांव लागतें. पश्चिमेस भीमाशंकराकडील डोंगर, पूर्वेस नदीबरोबर शिरूरकडे उतरत गेलेली मोकळी जमीन, असा हा मुलूख आहे. डोंगरांत पायदळाचें चालतें, या मोकळवणांत घोड्याचें. इ. स. १६५७ च्या जुन्नरच्या लुटीचा विचार करितांना वाचकांनीं भूमीचें हें रूप ध्यानीं ठेवावें, अशी आमची विनंति आहे.

शिवनेरीसह जुन्नर प्रांत १६३६ च्या तहानें शहाजीराजांस मोंगलांच्या स्वाधीन करावा लागला. पुत्राचा जन्म ज्या किल्ल्यावर १६३० त झाला, तो किल्ला याप्रमाणें सहा वर्षांतच हातचा गेला. पुढें एकवीस वर्षें या बाजूस मोंगलांशीं उघड कलागत झाली नाहीं.

१६५७ च्या आरंभीं औरंगजेब विजापूरकरांवर चालून गेला व मार्चअखेर त्यानें बेदर घेतलें. महाराजांचा वकील सोनोपंत त्याच्या छावणींत होता. विजापूरकरांचे जे किल्ले व गांव महाराजांच्या ताब्यांत होते ते त्यांजकडे मान्य करणारें औरंगजेबाचें पत्र २३ एप्रिलचें आहे. त्यानंतर आठव्या दिवशीं, ३० एप्रिलच्या रात्रीं, महाराजांच्या लोकांनीं दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा कोट ओलांडिला आणि पहारेकरी कापून काढिले. यास कोणी विश्वासघात म्हणतील. परंतु त्या पत्रानें जें दिलें तें महाराजांनीं आधींच स्वपराक्रमानें मिळविलेलें होतें. त्यांत बांधून घेण्याजोगें काय होतें, हें आम्हांस दिसत नाहीं.

लुटींत ३ लक्ष होन, २०० घोडीं, जडजवाहीर व कापड मिळालें. होनांच्या आंकड्यानें वाचकांचे डोळे दिपतात व घोडीं विसरलीं जातात. आमच्या मतें या रात्रीचें मर्म घोड्यांतच आहे. शिड्यांवरून पायीं चढून गेलेल्या लोकांनीं परततांना घोडीं आणिलीं, ही गोष्ट लहान नव्हे. शिलेदार आपल्या घोड्यानिशीं येतो. घोडें पडलें तर नुकसान त्याचें, आणि मन फिरलें तर घोड्यासह तो जातो. बारगिराच्या बुडाखालीं घोडें सरकारचें असतें. तो गेला तरी घोडें पागेंत राहतें. मावळांतील पायदळ कितीही कडवें असलें, तरी सरकारी पागेवांचून मोकळ्या मुलखांत त्याच्यानें टिकाव धरवला नसता.

कृष्णाजी अनंत सभासद याची बखर येथें उपयोगी पडते. माणकोजी दहातोंडे सरनोबत असतां पागा १२०० व शिलेदार २००० होते. नेताजी पालकराच्या वेळीं पागा ७००० व शिलेदार ३००० झाले, असें तो सांगतो. बखरकाराचे आंकडे ठोकळ आहेत हें कबूल. पण प्रमाण उलटलें हें त्यांतून स्पष्ट दिसतें. आरंभीं शिलेदार अधिक, पुढें सरकारी घोडें दुपटीहून अधिक. १२०० च्या पागेंत जुन्नरचीं २०० घोडीं म्हणजे सहावा हिस्सा झाला.

त्याच सुमारास मिनाजी भोसले यानें भीमा उतरून चांभारगोंद्याकडील मोंगली गांवें लुटलीं. औरंगजेब फार चिडला. त्यानें नासिरीखानास रवाना केलें व महाराजांचा मुलूख उजाड करण्याविषयीं सरदारांस कडक हुकूम सोडिले. पण सप्टेंबरांत शहाजहान आजारी पडला, तेव्हां औरंगजेबाचें सारें लक्ष उत्तरेकडे लागलें. इकडे ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी महाराजांकडे आली. शिवनेरी मात्र महाराजांच्या हयातींत हातीं आली नाहीं. ज्या रात्रीं तिच्या पायथ्याचें शहर लुटलें गेलें, त्या रात्रींही गड मोंगलांकडेच राहिला.

कळंब, मंचर, नारायणगांव या बाजूच्या देशमुख, देशपांडे व कुळकर्णी घराण्यांच्या रुमालांत पागेच्या वैरणीचे, चंदीचे किंवा कुरणांचे कागद कोणा संग्राहकांस आढळल्यास, त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य धाडाव्या. पागा किती होती हें बखरी सांगतात. ती पोसली कोणी, हें अशा कागदांतूनच कळावयाचें.