रावस, रोहू आणि माशांच्या उवा

सुरुवात एका नावाच्या घोळापासून करू. इथे अंधेरीत बऱ्याच हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘इंडियन सॅमन’ असं लिहिलेलं असतं आणि ताटात येतो तो आपला रावस. रावसाचं आणि सॅमनचं काही नातं नाही. इंग्रजांना तो मासा खाताना घरची आठवण झाली असावी. त्यांनी नाव ठेवलं, ते चिकटलं. खरा सॅमन आता मॉलच्या काचेआड मिळतो, नॉर्वेहून आलेला, पिंजऱ्यात वाढवलेला. आज मला बोलायचंय ते त्या सॅमनच्या अंगावरच्या उवेबद्दल, आणि तिच्या आपल्याकडच्या बहिणीबद्दल. चुलतबहीण म्हणा हवं तर.

ऊ म्हटलं तरी ती डोक्यातल्या उवेसारखा कीटक नाही. ही खेकडा-कोळंबीच्या कुळातली. सॅमनवरच्या समुद्री उवेचं शास्त्रीय वर्णन डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ क्रॉयर यांनी १८३७ मध्ये केलं. पण कोळ्यांना ती आधीपासून माहीत होती. बर्गेनचे बिशप पोंटोपिडान यांनी १७५० च्या दशकात नॉर्वेचा निसर्गेतिहास लिहिला. त्यात सॅमन उवा घालवायला गोड्या पाण्यात शिरतो, असं त्यांनी म्हटलंय. गंमत म्हणजे नदीत गळाला लागलेल्या सॅमनवर ऊ दिसली की लोक खूश व्हायचे. गोड्या पाण्यात ही ऊ फार दिवस टिकत नाही, म्हणजे मासा समुद्रातून नुकताच वर आलाय. ऊ म्हणजे ताजेपणाचा शिक्काच!

हा शिक्का संकट कधी झाला? १९७० मध्ये हिट्रा बेटावर ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमन वाढवून दाखवला आणि धंदा फोफावला. आता विचार करा. रानातला सॅमन उवेला सोडून नदीत निघून जातो. पिंजऱ्यातला कुठे जाणार? उवेच्या पिल्लाला यजमान शोधत समुद्रभर भटकावं लागायचं, तिथे आता हजारो मासे एकाच जागी दाटीवाटीने उभे. आपण उवेसाठी चाळच बांधली.

आता नॉर्वेहून आपल्याकडे येऊ. इथून जवळच, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ साली सुरू झालेली, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. एका बाजूला वर्सोवा कोळीवाडा आणि दुसऱ्या बाजूला ही संस्था, दोन्हीकडे माशांचंच ज्ञान. संस्था सुरू झाली तो काळ महत्त्वाचा आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तोवर रोहू-कटल्याचं बीज नदीच्या पुरातून गोळा करावं लागायचं, त्यात भलतेच मासेही यायचे. आता हवं ते बीज हवं तेवढं मिळू लागलं. गंगेच्या खोऱ्यातले हे मासे आपल्या तलावांत, धरणांत, पुढे शेततळ्यांत आले. आपल्या पवई तलावातही गळ टाकणाऱ्यांना रोहू-कटला लागतो, तो असाच सोडलेला.

आणि तळं दाट झालं की ऊ आलीच. आपल्याकडची ऊ म्हणजे अर्ग्युलस. ही गोड्या पाण्यातली. युरोपातली जात लिनियसला १७५८ मध्येच माहीत होती. आपल्या तळ्यांत सगळ्यात जास्त छळते ती अर्ग्युलस सायामेन्सिस. सयाम, म्हणजे आजचं थायलंड, तिथून अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९२६ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून हे नाव. चपटी, जवळजवळ पारदर्शक, मसुराच्या डाळीएवढी. पोटाच्या बाजूला दोन गोल चोषक असतात, त्यांनी ती माशाला चिकटते आणि सुईसारख्या अवयवाने टोचते. मासा बेचैन होतो, बांधाला, खुंटांना अंग घासतो, खाणं सोडतो. जखमेतून जिवाणू शिरतात, बुरशी धरते. रोहूला हा त्रास विशेष. मासा मेला नाही तरी वजन धरत नाही. तळ्यावर कर्ज काढलेल्या माणसाचं नुकसान तिथेच होतं.

औषधांची गोष्ट ऐका, कारण या इतिहासातला माझ्या मते सगळ्यात बोलका भाग तोच आहे. नॉर्वेत आणि स्कॉटलंडमध्ये समुद्री उवेवर एक औषध वापरलं गेलं, डायक्लोरव्हॉस. नाव अनोळखी वाटतंय? त्याचंच एक व्यापारी नाव नुवान. आता हसताय, कारण मुंबईत ढेकणांसाठी नुवान न आणलेलं घर विरळा! आपल्या मत्स्यतळ्यांतही तेच ओतलं जायचं. भारतात डायक्लोरव्हॉसवर २०२० अखेर बंदी आली. त्याआधी आपल्याकडच्या मत्स्यशेतीच्या पुस्तकांत गॅमेक्झिन सुचवलेलं असायचं, तेही शेतातलंच विष. मग आली पायरेथ्रॉइड्स. तिकडे सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन सॅमनसाठी, इकडे गुरांच्या गोचिडांवरचं डेल्टामेथ्रिन थेट तळ्यात. पुढे सॅमनच्या खाद्यातून एमामेक्टिन देऊ लागले. हे नाव विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा, तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर तो तेच फवारतो.

म्हणजे ढेकूण, गोचीड, अळी आणि ऊ, सगळ्यांना एकच कपाट. आणि प्रत्येक वेळी शेवट तोच: काही वर्षं औषध चालतं, मग ज्या उवा वाचतात त्यांचीच पिल्लं उरतात, आणि औषध पाण्यासारखं होतं. सॅमनच्या उवेत हे एकामागून एक औषधाबाबत घडलं. आपल्याकडे आणखी एक अडचण. ऊ कोळंबीच्या कुळातली, तसेच तळ्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणपिसवांसारखे जीवही त्याच कुळातले, आणि कटला त्यांच्यावरच वाढतो. उवेला मारायला टाकलेलं विष कटल्याचं जेवणही मारतं.

नॉर्वेने मग मोजायला सुरुवात केली. आज तिथे पिंजऱ्यातल्या उवा ठरलेल्या वेळी मोजून सरकारला कळवाव्या लागतात. सरासरी एका माशामागे प्रौढ मादी अर्ध्याहून जास्त नको, आणि रानातली पिल्लं समुद्राकडे निघतात त्या वसंतात मर्यादा ०.२. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग करून, उवांमुळे रानटी सॅमनचं किती नुकसान होतं यावर शेती वाढवू द्यायची की नाही हे ठरतं. अमुक औषध वापरा असं हा नियम सांगत नाही, फक्त आकडा सांगतो. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे असा आकडा नाही, पण बांबू आहे! अर्ग्युलसची मादी अंडी माशावर घालत नाही. त्यासाठी ती मासा सोडते आणि दगड, खुंट, फळी अशा कठीण पृष्ठभागावर ओळीत अंडी चिकटवते. म्हणून तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करायच्या. आपल्याकडच्या उबदार पाण्यात अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, त्याआधी त्या बाहेर काढायच्या, खरवडून उन्हात कडक वाळवायच्या, पुन्हा रोवायच्या. सगळ्या उवा जात नाहीत, पण पुढची पिढी कमी होते आणि कटल्याचं जेवण शाबूत राहतं. अडचण एकच, हे काम दर पंधरवड्याला न चुकता करावं लागतं, आणि बाटली एका दिवसात रिकामी होते.

शेवटचं, कारण कुणीतरी विचारणारच: बाजारातल्या रोहूवर ऊ का दिसत नाही? मासा मेला की अर्ग्युलस त्याला सोडून दुसरा शोधायला निघते. बर्फात येणाऱ्या रोहूवर दिसलीच तर तिची खूण दिसेल, परांच्या बुडाशी किंवा खवल्यांमध्ये बारीक लाल ठिपका. मासेवाल्या मावशींना विचारलंत तर त्या म्हणतील, वाहतुकीत घासला असेल.